बिनछपराच्या गल्लीतल्या हातोड्या

परवा दुपारी मी पुन्हा एकदा उगीचच अंगणात पळाले. तव्यावर भाकरी तशीच, हाताला पीठ तसंच.

झालं असं, की समीक्षा माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी अभ्यासाला बसली होती. समीक्षा म्हणजे आमच्या वरच्या खोलीत राहणारी धर्माबादची पोर. डॉक्टर व्हायचंय म्हणून लातूरला क्लास लावलाय. जून लागला की आमच्या लातुरात माणसांपेक्षा गाद्याच जास्त दिसतात. रिक्षाच्या टपावर गादी, दुचाकीवर दोघांच्या मधे गुंडाळलेली गादी, मागं बादली कवटाळून बसलेले वडील. घराघरावर ‘मुलींसाठी खोली’च्या पाट्या लागतात. कोपऱ्यावर एखादी आई पदरानं डोळे पुसत लेकीला बजावत असते, “रोज फोन कर गं माय, अन् उपाशी राहू नको.” दर वर्षी तेच. मला हा हंगाम फार आवडतो. घर भरतं, जिन्यावर चपलांचा ढीग पडतो, आणि माझ्या भाकरीला नावं ठेवायला कुणीतरी असतं.

तर समीक्षा कसल्याशा गणितात अडकली होती आणि टेबलाखाली तिचा पाय शिलाई मशीनवर ठेवल्यासारखा हलत होता. टेबलावर तांब्या, तांब्यावर पालथा ग्लास. तो किणकिण वाजायला लागला. झालं! मला तांब्या दिसला नाही, समीक्षा दिसली नाही. कानांनी किणकिण ऐकली आणि पाय आपोआप दाराबाहेर.

ती पोर घाबरून मागं धावली. “काकू! काय झालं?”

“ग्लास वाजला ना गं!”

“आवं काकू, मी हाय ती! माझा पाय हलायलाय.”

मला आधी हसू फुटलं, आणि मग पायरीवर बसले तर चक्क डोळे भरून आले. पोर आणखीच घाबरली. तिला काय ठाऊक, की ‘मी हाय ती’ हे वाक्य मी एक अख्खा हंगाम ऐकलंय. भूकंपाच्या वर्षी, माझ्या सासऱ्यांच्या तोंडून.

माझं माहेर नांदेडचं. बाबा रेल्वेत होते. लांब दांड्याची, बारीक डोक्याची एक हातोडी खांद्यावर टाकून ते फलाटावर फिरायचे. गाडी उभी राहिली की डब्याडब्याखाली वाकून प्रत्येक चाकावर टण्, टण्. चांगलं चाक गातं आणि तडा गेलेलं चाक खोकतं, असं ते सांगायचे. लहानपणी मला वाटायचं, बाबा गाडीला जागं करतात. भूकंपाच्याच वर्षी उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि मी लातूरला आले, गंजगोलाईच्या बाजारपेठेजवळच्या एका कारागिरांच्या गल्लीत. टण् टण्‌ मधून निघाले आणि टिकटिकीत येऊन पडले, कारण माझे सासरे घड्याळजी होते. सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणायची, म्हणून मीही आप्पाच म्हणत असे. घराच्या पुढच्या अंगाला दुकान, मागं आम्ही. दुकानात भिंतभर घड्याळं, आणि प्रत्येकाची वेळ वेगळी. मी विचारलं, “आप्पा, यातलं खरं कोणतं?” तर म्हणाले, “सूनबाई, दुरुस्तीला आलेल्या माणसाला खरं-खोटं विचारू नये.”

पावसाळा सरत आला, गणपती बोळवले, आणि पहाटे जमीन हलली.

किल्लारीच्या बाजूला काय झालं ते मी इथं लिहिणार नाही. ज्यांचं गेलं त्यांनीच ते सांगावं. आमच्या गल्लीत भिंतींना तडे गेले, माणसं सगळी वाचली. पण त्यानंतर छपराखाली जायला कुणीही धजेना. गल्लीच्या मागं एक मोकळं मैदान होतं. दोन-चार दिवसांत अख्खी गल्ली तिथं जाऊन बसली. बांबू, ताडपत्र्या, जुन्या साड्या, खाटा. आणि नुसती माणसंच नाहीत, त्यांची कामंही. इकडं ट्रंका करणारे खलीलचाचा, त्यांच्या शेजारी चपलावाले मारुतीकाका, पलीकडं तबले मढवणारे उस्मानभाई, लिंबाखाली सोनार विठ्ठलशेठ. एरवी जे भिंतींआड चालायचं ते सगळं आता एका नजरेत दिसत होतं. सकाळ झाली की सगळ्या मैदानाचा एकच ठोका सुरू व्हायचा. पत्र्याचा धाडधाड, चामड्याचा धपधप, सोन्याचा टुकटुक. खरं सांगू? भीती तर होतीच, पण मला ती बिनछपराची गल्ली आवडायला लागली होती. नव्या सुनेनं असं म्हणू नये, म्हणून मी तेव्हा म्हटलं नाही.

तीन दगडांच्या चुलीवर भाकरी, करडईची भाजी, ताडपत्रीचा तो तापलेला वास, आणि ऑक्टोबरचं ऊन नुसतं भाजून काढायचं. सासूबाईंपुढं डोक्यावरचा पदर ढळू न देणारी मी, आठवडाभरात सगळ्या गल्लीदेखत केस विंचरायला लागले. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्या चुलीपुढून म्हणाल्या, “बया! भूकंपानं भिंतीबी पाडल्या अन् पदरबी पाडला.” पण हसत म्हणाल्या.

जमीन पुन्हापुन्हा कापायची. ते कळावं म्हणून घराघराची एकच युक्ती होती. तांब्यावर ग्लास पालथा, ग्लासावर वाटी, वाटीवर चमचा. जरा हललं की किणकिण. किणकिण झाली की कुणीतरी ओरडायचं, “पळा!” आणि आम्ही पळायचो. आता उघड्या मैदानातून पळून जायचं कुठं? तरी पळायचो. एका ताडपत्रीखालून दुसऱ्या ताडपत्रीकडं.

आणि इथंच आप्पांचं दुखणं बाहेर आलं.

त्या पहाटेपासून त्यांचे हात थरथरत होते. आधी वाटलं, दोन दिवसांत जाईल. ते आपली बैठी मेजपेटी मांडून ताडपत्रीखाली कामाला बसले. आत्याबाईंनी त्याच मेजाच्या कोपऱ्यावर तांब्या-ग्लासाची उतरंड रचलेली. आप्पांनी चिमटा उचलला, हात मेजाला टेकला, मेज कापलं, ग्लास वाजला, आणि सगळी गल्ली पोरंबाळं काखेत मारून पळत सुटली. आप्पा बिचारे एकटेच बसून. ओशाळं तोंड करून हात वर केला आणि म्हणाले, “बसा, बसा. मी हाय ती.”

पहिल्या वेळी लोक चिडले. दुसऱ्या वेळी हसले. मग तर लहान पोरं मुद्दाम विचारायला लागली, “आप्पा, भूकंप हाय का तुमी हाव?” आप्पाही हसायचे. पण मी बघितलं होतं, लोक पांगले की ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचे. ते मला बघवायचं नाही.

त्यात काम असं आलं, की विचारू नका. जिल्ह्यातल्या सगळ्या भिंतींवरची घड्याळं खिळ्यावरून निसटली होती. लोक पोत्यात भरून आणत होते. घड्याळजीला जन्मात इतकं काम आलं नव्हतं, आणि नेमके घड्याळजीचे हात गेले होते. त्यात एक माझंही होतं. लग्नात बाबांनी दिलेलं, नखाएवढ्या तबकडीचं मनगटी घड्याळ. कोनाड्यातून पडून बंद झालं. घड्याळाच्या आत एक भिरभिरणारं चाक असतं, त्याचा केसाएवढा आस मोडला होता. नवा आस चाकात बसवायचा तर वरून अगदी इवल्या हातोडीनं टोले द्यावे लागतात. एक टोला जास्त पडला की चाक वाकडं, घड्याळ गेलं. आप्पांनी ते रुमालात गुंडाळून बंडीच्या खिशात ठेवलं. “सूनबाई, दुसऱ्या कुणाला दावू नको. हे मीच करणार.” मी मान हलवली. त्यांच्या हाताकडं बघितलं नाही.

आरोग्याच्या छावणीत डॉक्टरांनी त्यांच्या गुडघ्यावर रबरी हातोडी मारून बघितली. त्या हंगामात आप्पांच्या वाट्याला आलेली पहिली हातोडी तीच. डॉक्टर चांगले होते. म्हणाले, “नसा ठीक आहेत आप्पा. धास्ती बसलीये, हळूहळू जाईल. हातांना कामात ठेवा.”

“आता काय सांगू,” आप्पा म्हणाले, “हातानं काम होईना म्हणून तर तुमच्याकडं आलो.”

मैदानावर परतले आणि आमच्या ह्यांना म्हणाले, “दुकान मोकळं करतो. तुझ्या शिकवण्या तिथं घे.” हे शाळेत गणित शिकवायचे. संध्याकाळी अंगणात पोरं जमवायचे. लातूरच्या शिकवण्यांचा डंका तेव्हा नुकताच वाजायला लागला होता, पोरं वाढत होती, ह्यांना जागा हवीच होती. पण बापाच्या तोंडून ते ऐकल्यावर ह्यांचा चेहरा पडला. आत्याबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. आप्पांच्या हातात हातोडी नसेल तर आप्पा उरतील का, हीच सगळ्यांची धास्ती होती. रोज सकाळी चहा दिला की मी कपाकडं नाही, बशीकडं बघायचे. किती सांडलाय.

मग आली खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारं धुऊन पुसून पुजायची आणि दिवसभर त्यांना हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. एरवी ज्याची त्याची पूजा ज्याच्या त्याच्या दुकानात. त्या वर्षी दुकानंच नव्हती, म्हणून आत्याबाईंनी एकच मोठा पाट मांडला आणि सगळ्या मैदानाला हाक मारली. खलीलचाचाही आपली मोगरी घेऊन आले. पत्रा वळवायची लाकडी, जाडजूड मोगरी. “भाभी, हिलाबी बसवा. हिनंबी वर्षभर मार खाल्लाय.” मी हत्यारं मांडत होते. नव्या सुनेची हौस म्हणा, मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीनं मांडली. आधी मोगरी, मग चपलांची हातोडी, मग तबल्याची, मग सोनाराची, आणि शेवटी आप्पांची. पितळी डोक्याची, करंगळीच्या पेराएवढी. आप्पा हळद-कुंकू वाहायला वाकले आणि हात असा कापला, की कुंकू पाटभर सांडलं. आत्याबाई ते कुंकू गोळा करायला लागल्या.

खलीलचाचा मात्र त्या ओळीकडं टक लावून बघत होते. सगळे पांगल्यावर म्हणाले, “आप्पा, ए देखो. माझी मोगरी हत्तीएवढी, तुमची हातोडी मुंगीएवढी. अन् मधी सगळी गल्ली उभी हाय. तुमी एकदम मुंगीवर बसायला बघायलाव. कायकू? आधी हत्तीवर बसा ना!”

आप्पा भडकले. “उभा जलम घड्याळं केली अन् आता पत्रे बडवू?”

“नक्को बडवू. पण मला पेट्यांचं काम लई आलंय. मातीतनं निघालेलं सामान माणसं ठेवणार कशात? मला हात कमी पडायलेत. मदतीला तर येशील?” चाचा रागावले की एकेरीवर यायचे. दोघं बालमित्र. मदतीला ये म्हटल्यावर आप्पांना नाही म्हणता येईना.

आज आमच्या दिवाणखान्यात भिंतीवर एक फळी आहे आणि तिच्यावर या सगळ्या हातोड्या टांगल्या आहेत. परवा समीक्षाला घेऊन त्या फळीपुढं उभी राहिले. “ओळख बघू कुठली कुणाची,” म्हटलं. चार पर्यायांतून उत्तर काढायची सवय असलेली पोर, म्हणाली, “काकू, पर्याय द्या की!” चपलांच्या हातोडीला तिनं खलबत्त्यातला बत्ता ठरवलं आणि आप्पांच्या पितळी हातोडीला म्हणाली, “ही भातुकलीतली.” मी म्हटलं, असं नसतं गं. हातोडी ओळखायची तर आधी तोंड बघावं, मग दांडा. तोंड सांगतं ती कशावर पडत होती, आणि दांड्याची झीज सांगते तिला कुणी धरलं होतं. हे बघ, चांभारकामाची. तोंड रुपयापेक्षा रुंद, फुगीर, अळंब्यासारखं. चामडं ठोकून बसवायचं, त्याला धार लागता कामा नये. आणि दांडा बघ, डोक्याच्या अगदी खाली झिजलाय, कारण मारुतीकाका तिला गळ्याशी धरायचे. सोनाराची उलटी, दांड्याचं टोक झिजलेलं, कारण ती बोटांत नुसती लोंबकळत ठेवायची. समीक्षानं प्रत्येक हातोडी तळहातावर तोलून बघितली. मग म्हणाली, “आप्पांनी ह्या सगळ्या वापरल्या?”

सगळ्या. मोगरीपासून.

मोगरीमागचं चाचांचं डोकं असं, की पत्रा मुळातच थरथरतो. त्यात आपला हात थरथरला तर ओळखणार कोण? आप्पा रोज सकाळी पत्रे वाकवायला बसू लागले. पहिल्या पेटीचे कोपरे असे चुरगळले, की चाचा म्हणाले, “ही पेटी जन्मालाच म्हातारी आली बगा.” ती विकली नाही. अजून माझ्याकडं आहे, तिच्यात गोधड्या ठेवते. धाडधाडीनं आत्याबाईंचा ग्लास दिवसभर वाजायचा. शेवटी त्यांनी वैतागून उतरंड उचलून लिंबाखाली नेली. “भूकंप परवडला, ही पेटी नको!”

कोपरे सरळ यायला लागले तसे आप्पा मारुतीकाकांकडं सरकले. मारुतीकाका ओठांत खिळे धरून बोलायचे, त्यामुळं त्यांचं निम्मंच कळायचं. ते म्हणायचे, “टोला हाणताना श्वास सोडायचा आप्पा, धरायचा न्हाई. श्वास धरला की हात तिथंच कापतो.” रुंद तोंडाची हातोडी, खिळा सहसा चुकत नाही. पण एके दिवशी आप्पा तळ ठोकता ठोकता आपल्या लग्नातली गंमत सांगत होते, आणि नेमका अंगठ्यावर टोला. अंगठा काळानिळा. आत्याबाई धावल्या, तर आप्पा खो खो हसतायत. “अगं, हात न्हाई चुकला, तोंड चुकलं! बोलण्यात ध्यान गेलं.” भूकंपानंतर ते पहिल्यांदाच तसे हसले. आत्याबाईंनी हळद लावली आणि तोंडानं शिव्या घातल्या, पण त्या संध्याकाळी त्यांनी साधी भाकरी न करता धपाटी थापली.

दिवाळीला गल्लीत फटाका कुणी उडवला नाही. पणत्या लावल्या, एवढंच. त्याच दिवसांत बाबा मला भेटायला नांदेडहून आले. पिशवीत लाडू आणि खांद्यावर ती रेल्वेची जुनी हातोडी. तडे गेलेलं आमचं घर बघायला गेले तर सवयीनं भिंतीवर टण् टण् ठोकत सुटले. आत्याबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, “आवं व्याही, ही भिंत हाय, डबा न्हाई!” पण बाबांचं त्या मैदानात फार जमलं. आप्पा तेव्हा उस्मानभाईंकडं पोचले होते. तबल्याची हातोडी आखूड आणि अंगानं जड. चामड्याच्या वादीत अडकवलेल्या लाकडी गठ्ठ्यांवर मारून तबल्याचा सूर चढवायचा, उतरवायचा. कडेवर अगदी हलका टोला, आणि मग ऐकायचं. बाबा शेजारी मांडी घालून बसले. “आमचंबी हेच, व्याही. टोला मारायला मारायचा न्हाई. ऐकायला मारायचा.”

आप्पांनी टोला मारला. मान तिरकी करून ऐकलं. पुन्हा मारला. उस्मानभाईंनी मान हलवली, “अजून थोडा.” असं बराच वेळ चाललं. मी चहा घेऊन गेले तर दोघा व्याह्यांचे डोळे मिटलेले, आणि आप्पांच्या हातातली हातोडी जागच्या जागी थांबलेली, पुढच्या टोल्याची वाट बघत. कान कामाला लागले की हाताला कापायला सवड मिळत नाही, असं आप्पा पुढं सगळ्यांना सांगायचे. बाबा जाताना आपली हातोडी आमच्याकडंच विसरून गेले. विसरले का ठेवून गेले, ते मी कधी विचारलं नाही.

विठ्ठलशेठ मात्र सहजासहजी बधणारा माणूस नव्हता. सोनाराच्या हातोडीचं तोंड आरशासारखं घासलेलं असतं, कारण तिच्यावर एक ओरखडा असला तरी तो सोन्यावर उमटतो. दुसरी बाजू चिंचोळी, सोनं लांबवायला. ते म्हणाले, “आप्पा, माझी बायको मागा, हातोडी मागू नका.” त्यांच्या बायकोनं लिंबामागून विचारलं, “काय म्हणालाव?” आणि सगळं मैदान हसलं. शेवटी त्यांनी एक जुनी हातोडी आणि तांब्याची तार दिली. तार ठोकून सारखी चपटी करायची. सोनं नाही, तांबंच. आप्पा तारेमागून तार चपटी करत बसले. थंडी पडली, पहाटे मैदानावर धुकं यायला लागलं, आणि लिंबाखाली आप्पांची टुकटुक चालू.

तोवर येळवस आली. वेळ अमावस्येला आमच्या भागात कुणी घरात राहत नाही. सगळं गाव शेतात जातं, ज्वारीच्या धाटांची खोप करून पूजा करतं, शेंगा-भाज्यांची भज्जी खातं, आंबील पितं. त्या वर्षी तर घरात राहायचा प्रश्नच नव्हता. चाचा, मारुतीकाका, सगळे आमच्यासोबत विठ्ठलशेठच्या शेतात. ज्वारी डोक्याएवढी, वर निळं आभाळ. आप्पांनी आंबिलीचं मडकं उचललं आणि एकेकाच्या ग्लासात ओतायला सुरुवात केली. मी ग्लास पुढं करत होते. पहिला भरला. दुसरा भरला. काठोकाठ, आणि खाली थेंब नाही. मी वर बघितलं तर आत्याबाईही तिकडंच बघत होत्या. आमची नजरानजर झाली. दोघींनीही तोंडातून शब्द काढला नाही. दृष्ट लागली असती.

कारागिरांची ती गल्ली आता तशी राहिलेली नाही. पुढं क्लासचा पूर आला. चाचांच्या ट्रंका अशा खपल्या, की पोरापोराच्या खाटेखाली त्यांची पेटी. मग चाकांच्या बॅगा आल्या आणि ट्रंका गेल्या. चाचांनी हात टेकले नाहीत, धान्याच्या कोठ्या करायला लागले. आमच्या ह्यांनी दुकानात नाही, माडी चढवून वर शिकवण्या घेतल्या. खाली आप्पांची टिकटिक, वर पोरांचे पाढे. परीक्षा जवळ आली की पोरं घड्याळं घेऊन जिना उतरायची, “आप्पा, पेपरात बंद पडायला नको हां!” आता तर परीक्षेला घड्याळ घालूनच जाऊ देत नाहीत म्हणे. आप्पा असते तर काय बोलले असते, देव जाणे. एकेक कारागीर थकत गेला, तशी एकेक हातोडी आप्पांकडं आली. “तुमची गुरू हाय, तुमीच सांभाळा,” असं म्हणून द्यायचे. पिकलं पान गळावं तसे आप्पा गेले, आमचे हे जाऊनही आता काही वर्षं झाली. माझी तक्रार नाही. फळी आहे, पोरी आहेत, जिन्यावर चपला आहेत.

“काकू, ते राहू द्या,” समीक्षा म्हणाली. “तुमचं घड्याळ झालं का न्हाई?”

सांगते.

संक्रांतीच्या सुमारास लोक एकेक करून छपराखाली परतायला लागले. आम्हीही परतलो. आप्पांनी दुकानाची फळी उघडली, मेज झाडलं, दिव्याखाली ओढलं. आत्याबाईंनी आपली उतरंड पुन्हा मेजाच्या कोपऱ्यावर आणून रचली. तांब्या, ग्लास, वाटी, चमचा. मी म्हटलं, “आत्याबाई, तिथं कशाला? पुन्हा आपलं ते...” त्या म्हणाल्या, “असू दे. आज मला बघायचंच हाय.”

आप्पांनी बंडीच्या खिशातून रुमाल काढला. माझं घड्याळ. डोळ्याला भिंग लावलं, चाक लोखंडी ठोकळ्यावर ठेवलं, नवा आस चिमट्यानं बसवला आणि ती भातुकलीतली पितळी हातोडी उचलली. हे दारात उभे. चाचा उंबऱ्यावर बसलेले. मी आतल्या दाराशी. आप्पांनी श्वास सोडला. टुक. मान तिरकी केली, ऐकलं. टुक. हातोडी पुन्हा वर गेली.

आणि ग्लास वाजला.

किण किण किण किण. वाटी घसरली, चमचा खाली पडला. कुणीही पळालं नाही. आम्ही सगळे आप्पांच्या हाताकडं बघत राहिलो. ह्यांनी मान खाली घातली. आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. चाचा अगदी हळू म्हणाले, “जाऊ दे आप्पा. उद्या करू.”

आप्पांनी डोकं वर केलं नाही. भिंग तसंच डोळ्यात, हातोडी तशीच चाकावर बोटभर उंच धरलेली.

“मी न्हाई,” ते म्हणाले.

आम्हाला कळेना.

“आवं मी न्हाई ह्या बारीला! ही जमीन हाय, पळा की येड्याहो!”

मग पळालो. आत्याबाई रडत पळाल्या, चाचा हसत पळाले, हे माझा हात धरून पळाले. गल्लीतली सगळी घरं बाहेर ओतली गेली. आणि सगळ्यांच्या मागून, सावकाश, डोळ्याला भिंग लावलेलेच आप्पा बाहेर आले. डाव्या तळहातावर तो ठोकळा, ठोकळ्यावर चाक, उजव्या हातात हातोडी. गल्लीच्या मधोमध जमिनीवरच मांडी घातली. सगळे भोवती गोळा झाले. आप्पांनी श्वास सोडला आणि उरलेला टोला दिला.

टुक.

आस बसला, चाक सरळच राहिलं. जमीन तेव्हा अजून हलत होती का थांबली होती, ते मला विचारू नका. मी त्यांच्या हाताकडं बघत होते.